चौकोनी देठ

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

"आत कोण आहे तुमचं?"

"आई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढतायत."

"घरीच असतात का?"

"छे! टेकडीवर गवत कापते. गेल्या वर्षी तिथे आलेले कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे सर दोन रानफुलं दाखवून म्हणाले, ही दोन्ही फुलं एकच. आई म्हणाली, बोटांत फिरवून बघा, याचा देठ गोल, त्याचा चौकोनी."

"मग?"

"मग काय, सरांनी कान पकडले! आता विद्यार्थ्यांना तिच्याकडेच पाठवतात. म्हणून तर डोळ्यांची धास्ती होती."

दार उघडलं. म्हातारी आली आणि लेकीची फुलाफुलांची बाही धरून निरखू लागली.

"काय गं आई?"

"सदाफुलीला कातरलेली पानं? कुणी काढलीत गं ही?"