खुर्चीतले आजोबा

मंडळी, टाळ जरा थांबवा. डोळे उघडे ठेवून माणूस आंधळा होतो का? हो म्हणता? मग ऐका!

एका शहरात कलामहोत्सव भरला होता. रस्ता बंद, जिकडेतिकडे रंगीत कमानी, आणि जमिनीवर बाण. बाणाप्रमाणेच चालायचं, उलट फिरायचं नाही! दर्शनाच्या रांगेसारखं, फक्त देव दिसत नव्हता.

यशवंतराव ढमढेरे सुनेबरोबर, केतकीबरोबर, आले होते. वय सत्तरीपुढं, मधुमेहाचं इंजेक्शन चालू. केतकी म्हणाली, "बाबा, या बाकावर बसा. तेवढी आरशांची कमान बघून येते." रक्तातली साखर उतरली तर लागणारी खडीसाखरेची पुडी राहिली तिच्या पर्समध्ये!

ती गेली अन् आजोबांना घाम फुटला. उठले, तोल गेला. समोर दोरीच्या आत एक रिकामी खुर्ची मांडलेली, शेजारी पाटी — 'प्रतीक्षा'. धडपडत तिच्यात बसले. झालं! लोक जमले. मोबाइल वर!

"हात बघ कसा थरथरतोय! काय अभिनय आहे!"

आजोबा म्हणाले, "साखर... कुणी साखर द्या हो..."

टाळ्या! हसताय काय? माणूस बुडत होता तिथं!

तिकडं केतकीला पर्समध्ये ती पुडी दिसली. मागं वळली, तर स्वयंसेवक आडवा. "काकू, बाण बघा!"

"अरे, माझे सासरे तिथं एकटे आहेत!"

"मग पुढून फिरून या ना."

धावली बिचारी. सगळा फेरा मारून आली, तर बाक रिकामा! पलीकडं ही गर्दी. एका बाईला विचारलं, "इथं काय आहे हो?"

"एक म्हातारा साखर मागतोय. अगदी खरं वाटतं!"

केतकी दोरीखालून आत घुसली. रखवालदार ओरडला, "ओ ताई, कलाकृतीला हात लावायचा नाही!"

"कलाकृती कसली? माझे बाबा आहेत!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, मंडळी. पुन्हा!

तिनं खडीसाखर त्यांच्या तोंडात घातली. "चघळा बाबा... चघळा." हळूहळू नजर ठिकाणावर आली. आजोबांनी विचारलं काय? "सूनबाई, कमान कशी होती गं?"

केतकीला आठवेना. तिनंही ती मोबाइलमधूनच पाहिली होती.

आता माझ्याकडं बघा. आजोबांनी साखर मागितली, तेव्हा या मंडपातही काही जण हसले. मी इथून पाहिलं. तुम्ही — खांबाजवळचे — कधीपासून माझं चित्रण करताय. ठेवा तो मोबाइल खाली. तुमच्या शेजारच्या काकांनी मघापासून डोळे मिटलेत. तंद्री लागली असेल, नसेलही.

हात लावून विचारा त्यांना. तोवर मी पुढं गाणार नाही.