मरव्याची काडी

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षे लोटली होती. मात्र तो हुकूम आभाळापर्यंत पोचलेला दिसत नव्हता. त्या कोरड्या दुपारी, मुरुडच्या बसथांब्यावरील रांगेत, माझ्या पाठीमागे दोघीजणी बोलत होत्या.

“गुणाबाई, तुमच्या सिंधूला पाव्हणे बघून गेले म्हनं?”

“गेले की. दोन दिस टँकर न्हाई, सरबताचे गिलास अर्धेच भरले. पोरीनं वर मरव्याची हिरवीगार काडी ठेवली, गिलास भरल्यावानी दिसाया.”

“लई हुशार हाय लेक! मग?”

“पोराच्या मायनं काडी उचलली अन् सरळ अंबाड्यात खोवली!”

“मरवा म्हटल्यावर आनखी कुठं खोवावा बाईनं?”

“पर निथळत व्हता की, सरजाबाई! तिचं बघून दोन्ही जावांनीबी खोवला. सरबत कानावरून गळ्यात!”

“अगं माय! अन् सिंधू?”

“फिस्सकन हसली. तोंडात पदर कोंबला तरी थांबंना. मी म्हनलं, गेलं हे स्थळ.”

“गेलंच की मग!”

“काल सांगावा आला.”

“काय म्हनं?”

“पोरगी पसंत हाय. पर लग्नात मरवा कोरडा द्या.”