दोघांची एक कॉट

लिवून घ्या, मी निलंगा तालुक्यातला ओ, बालाजी नाव. चाकणला आलो तवा पोरगी पाळण्यात होती, आता ती बारावीला हाय, म्हणजे बघा. पत्रा दाबून गाड्यांचे भाग करतात तिथं मी प्रेसवर असतो, ठेकेदाराकडून. बायको मंगल आन् पोरगी गावाकडं. ठेकेदार काही महिने झाले की ब्रेक देतो, म्हणजे घरी बसा, बोलावू पुन्हा, मग कशाच्या भरवशावर बिऱ्हाड इथं आणायचं, तुम्हीच सांगा.

इकडं खोली न्हाई, कॉट भाड्यानं मिळते. एका कॉटवर दोघं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. माझा जोडीदार सुरेश, धाराशिवकडचा. मी कामाला निघालो की हा येऊन माझ्याच गोधडीत शिरायचा, गोधडी अजून गरम असायची, आन् मी परत आलो की हा दारात चप्पल घालत असायचा. निघालास का. निघालो. झालं बोलणं. काय सांगू तुम्हाला, एका उशीवर डोकं ठेवणारी माणसं आमी, पण आठवडाभर एकमेकाला धड दिसत नव्हतो. आन् इथला एक कायदा हाय, कॉटवर झोपलेल्याला हाक मारायची न्हाई. रातपाळीवाल्याची झोप मोडली तर पाप लागतं म्हणतात, आन् खरंच लागत असंल, मशीनवर हात जातो माणसाचा.

राहिला गुरुवार, आमच्या सुट्टीचा. त्या दिवशी सुरेश म्हणायचा, बसायचं का राव. बोलावणं एवढंच. चल बोलत बसू, मला करमत न्हाई, असं कोण गडी गड्याला म्हणतो ओ? म्हटलं तर हसतील, याला काय झालं म्हणतील. बसायचं का म्हटलं की सगळं बोलता येतं, मेलेला बाप आठवून रडता बी येतं, सकाळी म्हणायचं चढली होती. दारूची चटक लागली न्हाई असं म्हणत न्हाई मी, लागलीच. पण पयल्यांदा गेलो ते बाटलीसाठी न्हाई, कुणीतरी बोलावलं म्हणून गेलो.

आमचा नेम होता, एकट्यानं प्यायची न्हाई. चौघांत बसतो तो माणूस, एकटा पितो तो बेवडा.

मग मागच्या उन्हाळ्यात ब्रेक आला. गावाकडं काय तोंड दाखवायचं म्हणून मी खोलीवरच थांबलो. दिवसा सुरेश रातपाळीहून येऊन कॉटवर झोपायचा, मी खाली फरशीवर. मंगलचा फोन यायचा, जेवलात का. हाव. काम बरंय का. हाव. ठेवू का. ठेव. ब्रेकचं सांगितलंच नव्हतं तिला. एका दुपारी क्वार्टर घेऊन आलो, पण नेम आडवा आला. मग काय करावं मी? दोन गिलास मांडले, एक सुरेशच्या उशापाशी, त्यात बी थोडी ओतली, म्हटलं आता दोघं झालो. तो घोरायला, मी बोलायलो. मग ते रोजचंच झालं. ठेकेदार फोन उचलत न्हाई, मंगलशी खोटं बोलतो, सगळं त्या घोरण्याला सांगायचो. एकदा म्हटलं, सुरेशा, मी मेलो तर तुला कळंल का रे, का कॉट मोकळी दिसली म्हणून आडवा होशील.

घोरणं थांबलं.

डोळे मिटूनच म्हणाला, बाल्या, रोज ऐकायलोय मी. म्हटलं, मग बोलला का न्हाईस. तर म्हणाला, उठलो असतो तर तू गप झाला असतास.

मग उठला, त्याच्या वाट्याचा गिलास मोरीत ओतला, माझ्याला हात लावला न्हाई. म्हणाला, चहा कर आन् मला उठव. दारूला न्हाई उठायचो, चहाला उठंन.

दुसऱ्या दिवशी चहा केला, पण हाक निघंना. झोपलेल्याला उठवायचं कसं? चहा निवला, मी खाली जाऊन क्वार्टर आणली, प्यालो. त्याच्या पुढच्या दिवशी डोळे मिटून त्याच्या पायाचा अंगठा ओढला. आईमाईवरून शिव्या दिल्या त्यानं, आन् मग उठून बसला, कप घेतला, म्हणाला, बोल. मी काय बोलणार, शुद्धीत कधी बोललो होतो? दोघांनी चहा संपवला. पण त्याच्या पुढ्यातच मंगलला फोन लावला, ब्रेक सांगितला. ती म्हणाली, मला काय परकी समजलाव का.

आता काम लागलंय. कंपनीच्या गेटवर पाटी हाय, दारू सोडा, कुटुंब जोडा. वर कवटी काढलीय. दरसाल हात वर करून शपथ घ्यायला लावतात. सोडली बाबा, पण सोडल्यावर गुरुवारी जायचं कुठं, त्याची पाटी कोण लावणार? कुटुंब निलंग्याला ठेवायला लावलं कुणी? हे लिवा तुमी. बाकीचे गडी आता मला बोलवत न्हाईत, बालाजी साधू झाला म्हणतात. वाईट वाटतं. दुकानावरून जाताना पाय जड व्हतात अजून, कायमची सुटली असं छातीवर हात ठेवून न्हाई सांगणार.

हळू बोला जरा, आज गुरुवार, तो बघा झोपलाय. घोरायलाय का सोंग करायलाय, त्याचं त्याला ठाऊक. पोराबाळांत राहा बाबा तुमी, कुणी तरी हाक मारणारं असू द्या. थांबा, तिघांचा चहा टाकतो. सुरेशा, ऊठ रे.