मागच्या एसीचा नॉब

नाही, पण मला एक सांगा, माणसानं नॉब फिरवायचा तरी किती? घर सोडल्यापासून आमची आत्या फिरवतेय! गाडीच्या छताला, तिच्या डोक्यावर, मागच्या एसीचा गोल नॉब, एका अंगाला निळा, दुसऱ्या अंगाला लाल. आत्या तो निळ्याकडे नेते, जाळीतून भट्टीसारखी गरम फुंकर येते, आत्या डोळे मिटते आणि म्हणते, "हां... आता जरा बरं वाटतंय." बरं वाटतंय! घामानं चष्मा नाकावरून घसरून ओठांवर आलाय आणि बाईला बरं वाटतंय! मी म्हटलं, "आत्या, काडीचा फरक पडलेला नाही, तो नॉब नुसता फिरतो." तर म्हणते कशी, "तुला कशात फरक दिसलाय आजवर? म्हणून तर कॉलेज सोडलंस."

घ्या! नॉबवरून थेट कॉलेजवर! आणि मी कुठे? तिच्याही मागे, शेवटच्या सीटवर, जिथे माणसानं बसावं अशी गाडी बनवणाऱ्याचीही इच्छा नसते तिथे, गुडघे कानाला लावून, मांडीवर बॅग घेऊन. मागच्याचं कोण ऐकतं?

बॅग कसली, तेही सांगतो. कॉलेजची! मी दुसऱ्या वर्षात इंजिनियरिंग सोडलं. का सोडलं, ते विचारू नका, घरात कुणीच विचारलं नाही, तुम्ही कशाला त्रास घेता? सोडलं आणि गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या गॅरेजमध्ये लागलो, तिथे हात चालतो, डोकं चालतं, रात्री झोप लागते. पण आमचे काका! काका म्हणजे रिटायर्ड साहेब. ऑफिस सुटलं, साहेबपण सुटलं नाही. घरात कुणाशी एक शब्द न बोलता त्यांनी परस्पर प्राचार्यांना फोन लावला, "मुलगा उद्यापासून हजर होईल," आणि आज अख्खं कुटुंब गाडीत कोंबून मला होस्टेलवर सोडायला निघालं. एकट्यानं पाठवलं तर हा मधेच उतरेल, म्हणून! स्टिअरिंगवर काका, शेजारी बाबा, मधल्या सीटवर आई आणि आत्या, आणि मागे मी. पार्सल!

आता या गाडीचं ऐका. गाडी काकांची, सात जणांची, आणि काकांचा एक नियम, गाडीत कुठलाही दिवा लागला की त्यावर काळी चिकटपट्टी. खरंच! पुढे डॅशबोर्डवर कुठे नारिंगी ठिपका दिसला, की काका खिशातून पट्टीचं रीळ काढतात, तुकडा तोडतात, चिकटवतात, वरून अंगठ्यानं दाबतात. "उगाच डोळ्यांत खुपतं. कंपनीवाले गिऱ्हाइकाला घाबरवायला दिवे लावतात." डॅशबोर्ड बघाल तर वाटेल, गाडी नुकतीच दवाखान्यातून सुटून आलीय. आणि त्या पट्ट्यांना हात लावायची कुणाची टाप नाही. बाबांची तर नाहीच. बाबांचं आयुष्य "दादा म्हणतो ते बरोबर आहे" या एका वाक्यावर निघालंय.

मागचा एसी बिघडलाय हे मी उन्हाळा सुरू झाल्यापासून सांगतोय. काकांनी गाडी नेली सर्व्हिसला, तिथल्या टाय लावलेल्या माणसानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "सर, मागचं अख्खं युनिट बदलावं लागेल." काका म्हणाले, "राहू दे. मागे बसतं कोण? बायका आणि हा." असं! माझ्यासमोर! आईसमोर! आणि आई काय म्हणाली? "वाद नको." मागच्याचं कोण ऐकतं?

तर चाललोय. रणरणतं ऊन. पुढे काका-बाबांच्या शर्टाच्या कॉलरी गार वाऱ्यावर फडफडतायत, मागे आम्ही तिघं उकडून निघतोय, काचा उघडायच्या नाहीत, पुढचा गारवा निसटतो म्हणे! त्यात आज फायनल! रेडिओवर कॉमेंट्री. पण ऐकू काय येतंय? "आणि हा चेंडू... खर्रर्र... प्रेक्षक उभे... खर्रर्र... झेल... खुर्रर्र..." काका ओरडले, "कुणाचा झेल? कुणी घेतला? सुटला की काय?" बाबा म्हणाले, "दादा, आपल्या जुन्या गाडीला कशी दांडी होती, ओढून लांब केली की लख्ख ऐकू यायचं." काका म्हणाले, "अरे, याला टपावर आहे की, तो काळा त्रिकोण. मी रोज सकाळी पुसतो तो. शांपू लावून!"

मी मागून म्हटलं, "काका, त्या त्रिकोणात नकाशाचं यंत्र आहे, उपग्रहाशी बोलणारं. या गाडीच्या रेडिओचा अँटेना मागच्या काचेत असतो. आडव्या बारीक रेघा असतात बघा, खालच्या रेघा तापतात आणि काचेवरचं धुकं घालवतात, वरच्या दोन रेघा रेडिओच्या..."

"त्या रेघा!" काका एकदम खूश. "त्या कधीच काढल्या मी. आरशात बघितलं की मधे मधे यायच्या. ब्लेडनं खरवडून काच कशी आरपार केली! शोरूमवाल्यांनी धुतलीच नव्हती नीट."

मी मान वळवून बघितलं. माझ्या डोक्यामागे काच. वरच्या दोन रेघा, मधोमध वीतभर गायब! बरोबर जिथवर काकांच्या आरशात दिसतं तेवढा तुकडा. या गृहस्थानं स्वतःच्या हातानं, दाढी करावी तसा, अँटेना साफ केला होता आणि वर्षभर त्रिकोणाला शांपू लावत होता! मी हसलो. जोरात हसलो. काका आरशातून बघत म्हणाले, "काय झालं दात काढायला? चार पुस्तकं पूर्ण वाचली असतीस तर बोलायचा अधिकार असता. गप्प बस." बसलो. मागच्याचं कोण ऐकतं?

आणि तेवढ्यात आत्या कलंडली.

खोटं नाही सांगत. नॉबवर हात तसाच वर, आणि बाई आईच्या खांद्यावर. आई किंचाळली, काकांनी गाडी कचकन एका पेट्रोल पंपाच्या शेडमध्ये घातली, पाणी मारलं, पदरानं वारा घातला, आत्यानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "बरं वाटतंय." पण चेहरा पांढराफटक. आई तेव्हा पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा हो, काकांना म्हणाली, "भाऊजी, मी आता हिला घेऊन मागे बसणार नाही."

तिथे माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "काका, ऐका. जाळीतून नुसती साधी हवा येत असती तर मी म्हटलं असतं एसी मेलाय. पण गरम येतंय! पंखा फिरतोय, आणि मुद्दाम तापवलेली हवा येतेय. इंजिनाच्या गरम पाण्याची नळी मागेही जाते, ऊब द्यायला. म्हणजे मागचं यंत्र ठणठणीत आहे, फक्त ते आत्याचं ऐकत नाहीये, दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकतंय. मला तुमच्या पट्ट्या काढू द्या."

"पट्ट्यांना हात लावायचा नाही!"

"दादा म्हणतो ते..." बाबांनी सुरू केलं, आणि आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथेच वारलं.

मग काकांनी साहेबी आवाज काढला. "ठीक आहे. मोठा मेकॅनिक ना तू? मागे गार हवा आण, आणि रेडिओ लाव. दोन्ही. आणलंस तर इथून गाडी वळवतो, कॉलेज हा शब्द जन्मात तोंडातून काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट होस्टेलवर उतरायचं, आणि गॅरेजचं नाव काढायचं नाही. आहे कबूल?"

आत्या बाकड्यावर आडवी होती, तिनं तिथूनच एक बोट वर केलं, "मी साक्षीदार."

खोटं कशाला बोलू? एसीची नव्वद टक्के खात्री होती, रेडिओची पन्नास. आणि समोर अख्खं आयुष्य, होस्टेलची ती खोली, तो कुबट वास, ते वर्ग, जिथे मास्तर फळ्याशी बोलतो आणि फळासुद्धा कंटाळलेला असतो... मी म्हटलं, "कबूल!"

पहिली पट्टी. खाली हवेच्या दाबाचा दिवा. टायरमध्ये हवा भरा म्हणतोय बिचारा, कधीपासून. दुसरी पट्टी. दार नीट न लागल्याचा. तिसरी सोलली, आणि... अहाहा! नारिंगी दिवा, आणि शेजारी बटण. मागच्याचा कारभार पुढे घेण्याचं बटण! ते दाबलं की मागचे नॉब बाद, मागच्यांनी हात मोडेपर्यंत फिरवावेत, यंत्र ऐकणार फक्त पुढच्याचं. मी विचारलं, "काका, हे कधी दाबलंत?"

काका आठवू लागले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "थंडीत... ताईचे गुडघे दुखत होते... मागे ऊब सोडली होती जरा..."

ऊब सोडली होती! जरा! आणि दिवा डोळ्यांत खुपला म्हणून वर पट्टी! म्हणजे बाहेर उन्हाळा निम्मा सरला, डांबर वितळलं, कुत्री सावलीला पडली, आणि आमच्या मागच्या सीटवर काकांच्या हुकमानं अजून हिवाळा चालू होता! मी बटण दाबलं. दिवा विझला. मागे गेलो, तोच नॉब, आत्याचा, निळ्याकडे. वर जाळीत खट्ट झालं, आधी कोमट, मग साधी, आणि मग अशी गार हवा सुटली की आई पदर पसरून तिच्याखाली उभीच राहिली, वाकून, डोकं जाळीला लावून.

"एक झालं," काका म्हणाले. "रेडिओ?"

मी बॅग उघडली. होस्टेलसाठी आईनं घड्या घालून भरलेले शर्ट बाजूला सारले. तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळून गॅरेजचं हत्यारांचं पाऊच आणलं होतं मी, चोरून. त्यात चांदीच्या रंगाची छोटी बाटली. बाबा म्हणाले, "नेलपॉलिश?" म्हटलं, "बाबा, याच्यातून वीज जाते. काचेच्या तुटलेल्या रेघा जोडायलाच असतं." काच पुसली, रेघेच्या वर-खाली चिकटपट्टी लावली, कुणाची? काकांचीच! रीळ मागून घेतलं त्यांच्याकडून, दिलं मुकाट. मधल्या फटीतून बारीक ब्रश फिरवला. एक हात, दुसरा हात. एरवी सुकायला वेळ लागतो, पण आज काच तव्यासारखी तापलेली. मला छळणारं ऊन माझ्या कामाला आलं!

पंपावरची माणसं जमली. कुणी विचारलं, "काय चाललंय?" बाबा म्हणाले... ऐका हं, बाबा म्हणाले, "मुलगा अँटेना रंगवतोय. लाटा येतात हवेतून, त्या रेघेवर आपटल्या की तिच्यात वीज थरथरते, एवढीशी, मग काचेशेजारच्या खांबात बसवलेली डबी ती मोठी करते. रेघ मधेच तुटली की उरलेला तुकडा तोकडा पडतो." मी थक्क! हे मी त्यांना केव्हातरी जेवताना सांगितलं होतं, तेव्हा मान खाली घालून भात कालवत होते. ऐकत होते तर!

पट्ट्या सोलल्या. दोन रेघा, अखंड. काकांनी बोट पुढे केलं, मी दाबू दिलं त्यांनाच. रेडिओ लागला.

शांतता.

खर्र नाही, खुर्र नाही, काहीच नाही. काकांच्या मिशीत हसू फुटायला लागलं. आणि मग आवाज आला, इतका स्वच्छ की जणू माणूस डिकीत बसलाय, "...संपूर्ण मैदान श्वास रोखून उभं आहे, शेवटचा चेंडू... आणि चौकार! चौकार! सामना जिंकला!"

अहो, पंपावर दंगा! पेट्रोल भरणारा नळी हातात घेऊन नाचला, आत्या बाकड्यावरून उठून बसली, बाबांनी मला मिठी मारली, माझ्या शर्टाचा चंदेरी रंग त्यांच्या शर्टाला, आणि आई त्या डागांकडे बघून चक्क हसली. मैदानावरची ती पब्लिक कुणासाठी ओरडत होती मला माहीत नाही. मी तरी माझ्यासाठीच धरली!

काका शब्दाचे पक्के. गाडी वळवली. म्हणजे मला वळवायला लावली! "चालव तू," म्हणाले, किल्ली माझ्या हातात, ज्या किल्लीकडे बाबांनी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं मान दिला. कसला मान! साहेबांना मागची गार हवा खायची होती. मधल्या सीटवर आत्याशेजारी जाऊन बसले, आई पुढे माझ्याजवळ, बाबा शेवटच्या सीटवर, गुडघे कानाला, मजेत. आणि दहा मिनिटांत मागे भांडण! आत्याला थंडी वाजतेय, नॉब लालकडे. काकांना उकडतंय, नॉब निळ्याकडे. लाल. निळा. "मोठ्या बहिणीचं ऐक!" "गाडी कुणाची आहे?" आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. तिनंच, हळूच, बोट पुढे केलं आणि ते बटण दाबलं. दिवा लागला, मी पुढूनच मागची ऊब काढून हवा मध्यम केली. मागचे नॉब बाद.

आत्यानं नॉब लालकडे नेला, "हां, आता बरं वाटतंय." काकांनी निळ्याकडे नेला, "आता कसं गार झालं!"

मी हसू दाबत गाडी चालवतोय, समोरून गार वारा, रेडिओ लख्ख, बॅग डिकीत, आयुष्य ताब्यात. तेवढ्यात मागून साहेबी आवाज, "काय रे..."

"काय, काका?"

"नाही, शब्द दिलाय, तो शब्द मी काढणार नाही. पण... ते... पुन्हा कधी जॉइन करतोयस?"

म्हटलं, "काका, नाही करणार."

"छान," काका म्हणाले, "मग सोमवारपासून हजर होईल, असं प्राचार्यांना कळवतो," आणि नॉब फिरवायला लागले.

पुढच्याचं तरी कोण ऐकतं!