वांगणीच्या रस्त्याला पिकअप जातो

अंबरनाथच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं गाडीची वाट बघत बसलं होतं.

“कुमुद, मेकॅनिक टर्बोच बदला म्हणतात. साठ हजार.”

“अहो, पण गाडीचा पिकअप रोज कुठे जातो? वांगणीच्या रस्त्याला जातो, तोही कधीतरी.”

“आणि यांच्यासमोर शहाण्यासारखी पळते. टर्बोचा पाइप ढिला असेल म्हटलं, तर तोही ठीक आहे म्हणे.”

“पिकअप गेला की गाडी चाळीसच्या वर जात नाही. मग तुम्ही काच खाली करता.”

“गवताचा वास येतो.”

“आणि बोलायला लागता.”

“मी? काय बोलतो?”

“मागच्या वेळी तुमच्या आईबद्दल बोललात. लग्नानंतर पहिल्यांदा.”

“...मग बदलायला सांगू ना?”

“आधी आज वांगणीला जाऊन येऊ. मग बघू.”