मचव्याची राळ

रेवसच्या धक्क्यावर येसाजी बोटीची वाट बघत होता. शेजारी मुंबईच्या बँडात जागा मागायला जाऊन हात हलवत परतलेला वहाब, स्वतःहून उंच असं डबल बेस फिडल कवटाळून बसला होता. त्याला घ्यायला आलेले मकसूदचाचा म्हणाले,

"वाजवायचा गज स्वस्तातला घेतलास, ठीक. त्याला राळ कुठली घासलीस?"

"मचव्याच्या फळ्यांना चोपडतो तीच, चाचा."

"तेलात कालवलेली?"

"व्हय. ती दर्या आत येऊ देत न्हाय, म्हटलं सूर पण धरंल."

"धरला?"

"गज तारांवरून बोंबलासारखा निसटला. बँडमास्तरनं जागा दुसऱ्याला दिली."

"या अल्ला! कोरडी राळ माझ्या डबीत होती की. मी हेच फिडल वाजवायचो तेव्हाची."

"मग दिली का न्हाय?"

"तू मागशील म्हणून थांबलो."

"मी थांबलो, तुम्ही द्याल म्हणून."

बोटीचा भोंगा वाजला. येसाजी उठला. दुसरा आधी उचलेल म्हणून ते दोघं फिडलाला धरून तसेच बसून राहिले.