दगडमाशीची मादी

वसमतच्या स्टँडवर औंढ्याची गाडी काही येईना. शिरडचे जहांगीर टेलर बाकावर पेंगत बसले होते. शेजारी गावातल्याच आजी, गेल्या साली नवरा उकंडराव वारल्यापासून एकट्या राहणाऱ्या, एका कॉलेजच्या पोरीशी बोलत होत्या. पोरीच्या हातात काचेची बाटली होती.

"काय भरलं गं त्याच्यात?"

"दगडमाशा, आजी. पाण्यात दगडाखाली वाढणारे किडे, तुमच्या शिरडच्या ओढ्यातले. हे पाच नर, ही मादी. आता यांची जात ओळखायची."

"नराची जात कशी कळती?"

"भिंगाखाली शेपटाचं टोक बघायचं. तिथं आकडे असतात, दर जातीचे निराळे."

"अन् मादीची?"

"तिचं अवघड आहे. पुष्कळ जातींच्या माद्या सारख्याच दिसतात. ज्या नरासंगं सापडली, त्याची जात तिला लावतात."

"अन् नर सापडलाच न्हाई तर?"

"तर चिठ्ठीवर लिहितो, मादी, ओळख पटली नाही."

आजींनी बाटली हातात घेऊन मादी निरखली.

"पुन्हा कधी येशील माशा धरायला?"

"पुढच्या महिन्यात."

"मंग माझ्याकडंच उतर. भाकरी खाऊन जा. घरात मी एकलीच असती."

"येते की. पण गावात कुणाचं घर म्हणून विचारू? तुमचं नाव काय?"

"ह्या चाचांना विचार की. चाळीस साल झाले, माझ्या चोळ्या शिवून राहिले."

जहांगीरचाचांनी पेंग झटकून सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. मापाच्या वहीत चाळीस वर्षं त्या मापापुढं त्यांनी एकच लिहिलं होतं: उकंडरावची मंडळी.